खालचा बांध

सोमवार, ३ मार्च २०२५

किशोरी,

विहीर आटली. काल सकाळी कळशी सोडली तर खाली दगडावर आपटली. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत आपण दोघींनी दोरी सोडून पाहिली होती, दोन परस, उभा माणूस बुडेल एवढं पाणी होतं. आता टँकर येतो, दिवसाआड. त्याच्या मागे हंडे घेऊन पळायची सवय मोडली होती, ती परत लावून घेते आहे.

तू फोन उचलत नाहीस. परेशने एकदा उचलला आणि "आई झोपलीय, काकी" म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते. तू कधी अकराला झोपलीस? मग मी फोन करणं सोडलं. तुझा कामोठ्याचा पत्ता आमच्या समीक्षाने दिला, म्हणून लिहिते आहे. वाचायचं की नाही ते तू ठरव.

तुझ्या घराला तू लावलेलं कुलूप तसंच आहे. मी हात लावलेला नाही.

वरकसाचं, आपल्या उताराच्या जमिनीचं सांगते, कारण घळीच्या पलीकडची बाजू तुझ्या वाट्याची आहे आणि तिची माती रोज थोडी थोडी खाली सरकते. दयाराम भावजींनी नऊ वर्षांपूर्वी पहिला चर खणला तेव्हा मी त्यांना हसले होते. डोंगराच्या उताराला आडव्या रेघा कसल्या मारता, म्हणून. पाऊस पडला की पाणी धावत खाली येतं, माती घेऊन खाडीला जातं, आणि संक्रांत झाली की आपण कोरडे. चर आडवा असला की पाणी तिथे थांबतं, जिरतं. हे त्यांनी दहा वेळा सांगूनही मला पटलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी राहिलं तेव्हा पटलं. मग आपण दोघीही कुदळ घेऊन वर जायला लागलो.

त्या आठ चरांपैकी वरचे तीन आमचा माळ घेतलेल्या प्लॉटवाल्याने बुजवले. मधले दोन मुरमाने भरलेत. तीन शिल्लक आहेत. खालचा मोठा बांध जिथे फुटला तिथे माणूस उभा राहील एवढी खाच आहे. तुझ्या खाचरात भाताच्या मातीवर वीतभर मुरूम पसरलाय. चालताना चपलेखाली कर्रकर्र वाजतो.

त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. तुला सगळं माहीत आहे. वरून पाणी आलं, बांध फुटला, भावजी घळीत होते.

दहाव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादांनी माळ विकला आणि माझा माणूस गेला." तेव्हापासून हे नाक्यावर गेलेले नाहीत. दाढी करायलाही न्हाव्याला घरी बोलावतात. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगते.

एकच विचारायचं होतं. पावसाळ्याच्या आत मला घळीत दगड लावायचे आहेत. तुझ्या हद्दीत लावू का?

कुमुद

गुरुवार, २७ मार्च

किशोरी,

तुझं उत्तर आलं नाही. मी दगड लावायला लागले. नको असेल तर कळव, काढून टाकीन.

पहिला बांध तीन दिवसांत रचला आणि चौथ्या दिवशी त्यावर उभी राहिले तर ढासळला. पाय मुरगळला. बारीक दगड खाली आणि मोठे वर, असं केलं होतं. भावजी ओरडले असते. मोठा दगड पायात, दोन्ही काठांत हातभर शिरवायचा, मधला भाग काठांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधून जातं आणि काठ कुरतडत नाही. सगळं ऐकलेलं होतं. हाताने करायची वेळ आली तेव्हा डोक्यात नव्हतं. आता दुसरा रचलाय, तो उभा आहे.

हे येत नाहीत. एकदा घळीच्या तोंडापर्यंत आले, खाली पाहिलं आणि परत गेले.

परवा तो प्लॉटवाला मितेश गाडीतून उतरला. काच खाली करून बोलायचा, ह्या वेळी उतरला. म्हणाला, "काकी, कशाला एवढी मेहनत करता? मी जेसीबी पाठवतो, एका दिवसात घळ बुजवून देतो. सपाट जागा होईल."

"आनि पानी कुठं जाईल?" मी विचारलं.

"जाईल कुठेतरी. पाणी वाट काढतंच."

मी पुढचा दगड उचलला. घळीतून त्याचा रस्ता दिसतो ना, डोंगराच्या माथ्यावरून सरळ खाली, भांगासारखा. जरा वळवून आणला असता तर पाण्याला एवढा वेग आला नसता. भावजींनी त्याला सांगितलं होतं, पायाने मातीत रेघ काढून दाखवली होती. तेव्हा तो हसला होता. आणि मी त्याच्यासाठी चहा आणला होता.

तुला एक गोष्ट माहीत नाही. माळ विकायची सही ह्यांनी केली, पण हट्ट माझा होता. समीक्षाला दिवस गेले होते. खांदा कॉलनीत तिच्या सासरी संगमरवरी फरशी, आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार ती शेणाने सारवलेल्या खोलीत? मला स्लॅबचं घर पाहिजे होतं. हे दोन महिने नाही म्हणत होते. "दयारामचे चर हायत वरती," एवढंच म्हणायचे. मी जेवायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी मितेशला बोलावलं.

तू दहाव्याला जे बोललीस ते माझ्या तोंडावर यायला हवं होतं. मी ह्यांच्या मागे उभी होते.

कुमुद

शनिवार, १९ एप्रिल

किशोरी,

आज ग्रामसभा झाली. परेशला व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी पाठवलं असेलच, तरी मी सांगते, कारण तिथे काय झालं ते फोटोत दिसत नाही.

पाहणीला जो इंजिनियर येऊन गेला होता त्याचा अहवाल आला. सरपंचांनी वाचून दाखवला. मला सगळे शब्द कळले नाहीत, हे कळले: बांधाचे काम कच्चे होते, बांधणाऱ्यास तांत्रिक माहिती नव्हती, त्यामुळे बांध फुटून दुर्घटना घडली. प्लॉटच्या रस्त्याबद्दल एक ओळ होती, पण "नैसर्गिक उतार" अशी.

म्हणजे भावजी स्वतःच्याच चुकीने गेले, असं आता कागदावर आहे.

पुढचं ऐक. सरपंच म्हणाले, "उरलेले तीन चर पण धोक्याचे हायत. पानी साठलं आनि फुटलं तर खालची आठ घरं जातील. पावसाच्या आत जेसीबी लावून सपाट करून घेऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. आनंदा मास्तर तेवढे म्हणाले की नीट चौकशी करा, चर म्हणजे बांध नव्हे. त्यांना कोणी बोलू दिलं नाही.

तेव्हा हे उठले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा चार माणसांत गेले होते, तेही मी बळे नेलं म्हणून. उठले आणि म्हणाले, "माज्या भावाचा बांद कच्चा नवता."

मागून कोणीतरी विचारलं, "मंग फुटला कसा, धर्मराजशेठ? तुमी तं माळ इकून मोकले झालात."

हसले लोक. फार नाही, दोघं-तिघं. हे उभेच राहिले. उत्तर शोधत होते. मग हळूच खाली बसले.

मी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते. उत्तर माझ्याकडे होतं. मी बसून राहिले.

घरी येताना हे म्हणाले, "तो बांद त्याने तीन वरसं बांदला. मी रोज बगत व्हतो. कसा फुटला गो?" मी म्हटलं, पाणी फार होतं.

चर सपाट झाले तर पहिल्याच मोठ्या पावसात अख्खा उतार खाली येईल. हे मला कळतं, तुला कळतं. कळणारा तिसरा माणूस गेला.

पुढच्या पत्रात लिहीन. आज हात चालत नाही.

कुमुद

शुक्रवार, ९ मे

किशोरी,

तीन पत्रं लिहून चुलीत घातली. हे चौथं. बसल्या बैठकीला लिहून ताबडतोब टाकायला जाणार आहे.

बांध फुटला नव्हता. मी फोडला.

२० जुलैला तू चिरनेरला माहेरी होतीस, म्हणून तुला कोणीतरी सांगितलेलंच माहीत आहे. ते सांगणारी मीच. आता खरं सांगते.

तिसऱ्या दिवसाचा पाऊस होता. समीक्षाची पोर नऊ दिवसांची, दोघी मागच्या जुन्या खोलीतच खाटेवर, स्लॅब अजून पडला नव्हता. हे औषध आणायला सकाळीच पनवेलला गेले आणि रस्त्यावर पाणी आल्यामुळे तिकडेच अडकले. साडेनऊच्या सुमाराला वरून लाल पाणी यायला लागलं, मितेशच्या रस्त्यावरून, नळ सोडल्यासारखं. सगळा मुरूम घेऊन. बघता बघता चर भरले आणि पाणी खालच्या बांधाला येऊन टेकलं. बांध भरला की जास्तीचं पाणी सांडव्यातून घळीत जायचं. पण सांडवा मुरमाने तुंबला, आणि खाली घळीत उंबर आडवा पडून पाणी मागे तुंबायला लागलं. दोन्हीकडून वाट बंद. मग ते बांधाला वळसा घालून आमच्या अंगणात शिरलं.

भावजी धावत आले. कोयता होता हातात. म्हणाले, "वयनी, सांडव्यातला मुरूम काढत राव्हा, थांबू नका. मी घळीत उतरतो, उंबर तोडून वाट मोकली करतो. बांदाला मातुर हात लावू नका. वली माती हाय, एकदा चिरली का थांबनार नाय."

मी मुरूम काढत होते. एक घमेलं काढलं की दोन घमेली आत यायचा. पाऊण तास काढला असेन. मागे बघितलं तर पाणी पडवीत. समीक्षा ओरडत होती. मी आत गेले, पाणी गुडघ्याला. खाटेच्या पायांना लागलं होतं. तिला उठवून उभं करायला गेले तर ती उभी राहीना, रक्त जात होतं. तिच्या हातात पोर. बाहेर पाऊस असा की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. त्या दोघींना घेऊन मी कुठे जाणार होते?

मी फावडं घेतलं आणि बांधावर गेले. सांडव्याकडच्या नाही, घळीकडच्या टोकाला. एक हाक मारली, "भावजी, वर या." पावसात काही ऐकू आलं नाही. मी माती ओढली. हातभर रुंद चर पाडायचा, थोडं पाणी सोडायचं, मग परत बुजवायचं, असं मनात होतं. सात-आठ फावडी झाली असतील. आठवं ओढलं तेव्हा पाणी स्वतःच ओढायला लागलं. हातभराचं दार झालं, दाराचं बैलगाडीएवढं झालं, माझ्या पायाखालची माती गेली. मी मागे पडले म्हणून वाचले. मग सबंध टोक बसलं आणि सगळं पाणी घळीत गेलं. तो आवाज मी लिहू शकत नाही.

अंगणातलं पाणी उतरलं. मला बरं वाटलं, किशोरी. समीक्षाच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि पोरीला मांडीवर घेतलं. केवढा वेळ बसले, माहीत नाही. त्यानंतर भावजींची आठवण झाली.

ते दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मोरीखाली सापडले. ते तुला माहीत आहे.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी म्हटलं, बांध फुटला. एकदा बोलले आणि मग ते तसंच झालं. तू ह्यांना बोललीस, लोक ह्यांना बोलले, मी दोन वेळा भाकरी वाढत राहिले. आता ते भावजींवर आलंय. त्यांनी केलेल्या कामावर. तेही मेल्यावर.

सोमवारी पनवेलला जाऊन जबाब देते आहे. आनंदा मास्तर बरोबर येतील. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, आज सांगणार.

कुमुद

शुक्रवार, ३० मे

किशोरी,

जबाब दिला, ते तुला माहीत आहे. तू आलीच होतीस. पण तू गेल्यावर जे झालं ते लिहिते.

जबाबाची नक्कल लागली तसा अहवाल परत उघडला. शेतीखात्याचा एक म्हातारा माणूस येऊन खाचेत उतरला. बांध आडवा कापलेला होता, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. मधोमध काळ्या मातीचा गाभा, त्यावर तांबडी माती, थरावर थर. त्याने नखाने खरवडून पाहिलं. मला विचारलं, "हा गाभा कोणी तुडवला?" मी म्हटलं, "मी आणि माझी जाऊ." तो म्हणाला, "शंभर वर्षं हलला नसता." त्याने तसंच लिहिलं. चर सपाट करायचं रद्द झालं. उरलेले तीन आणि भरलेले दोन साफ करायचे असं ठरलंय, गावातले सहा जण काल वर गेले होते. मला कोणी बोलावलं नाही. मी घळीतलं माझं काम करते. पाच बांध झाले.

प्लॉटवाल्याच्या रस्त्याला नोटीस लागली आहे. मितेश फोन उचलत नाही म्हणतात.

माझ्यावर केस झाली. जामीन झाला. पुढची तारीख पावसाळ्यात आहे.

ह्यांना मी त्या शुक्रवारीच सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. उठून ओटीवर गेले. मग म्हणाले, "लोक माज्या तोंडावर थुंकत व्हते आनि तू बगत व्हतीस." तेवढंच. आता ते स्वतःचं जेवण स्वतः करतात. भात कच्चा राहतो, तसाच खातात. मी केलेल्याला हात लावत नाहीत. पण एक झालं, नाक्यावर जातात. काल दाढीही तिकडेच केली.

समीक्षा आली होती, पोरीला न आणता. उंबऱ्यातच उभी राहून बोलली. "आई, तू जबाबात माझं आणि बाळाचं नाव का घातलंस?"

मी म्हटलं, जे झालं ते सांगितलं.

"तुझं झालं ते तू सांग. माझ्या मुलीच्या नावावर हे टाकू नकोस. ती मोठी झाल्यावर मी तिला काय सांगू? तुझ्यासाठी एक माणूस मेला म्हणून?"

ती खरं तेच बोलली. पोर आता चालायला लागली असेल.

आता पोलीस ठाण्यातलं. तू परेशबरोबर बाकावर बसली होतीस. मी जबाब देऊन बाहेर आले तशी तू उठलीस. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. मला वाटलं मारशील. तू एवढंच विचारलंस, "बाय, तुमी हाक मारलीत तेव्हा त्यांनी ओ दिली व्हती का?"

मी म्हटलं, नाही, पावसात ऐकू आलं नाही.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग परेशचा हात धरून पायऱ्या उतरलीस. तुला कळलं होतं. बावीस वर्षं आपण एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या, तुला कळणारच.

जबाबातही मी तेच लिहून दिलंय, तुला मागच्या पत्रात लिहिलं तेही तेच. सोमवारी परत जाऊन ते बदलणार आहे. मास्तर म्हणाले, केस वाढेल. वाढू दे. पण साहेबांच्या आधी तुला सांगायला हवं, कारण विचारलंस तू.

त्यांनी ओ दिली होती. पाऊस तेवढ्यापुरता जरा विरळ झाला होता आणि मला स्वच्छ ऐकू आलं. त्यांना वाटलं मी मदतीला बोलावते आहे. "आलो वयनी," म्हणाले, "दोन मिन्टा." उंबरावर कोयता चालत होता तो थांबला. निळा प्लास्टिकचा कागद पांघरला होता त्यांनी, तो मला काठाकडे येताना दिसला.

दोन मिनिटं थांबायचं होतं. खाटेच्या पायांना पाणी लागलेलं डोळ्यांसमोर होतं, आणि मला वाटलं, येतीलच ते, पोचतील, हातभरच तर सोडायचंय. मी त्यांच्याकडे बघत फावडं मारलं.

कुमुद